चेनला तेल कुठलं लावता?

माणसं जमली की किस्से घडतात, पण बाइकवाली माणसं जमली की ते साचतात. चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते त्या पुढच्या स्प्रोकेटचं झाकण वर्षभराने उघडलं की आतून मूठभर काळा, चिकट गोळा निघतो ना, तसे. कधी साठला पत्ता नसतो, आणि एकदा बोटाला लागला की घासून घासून जात नाही.

आमच्या ग्रुपचं नाव ‘मातीतले मावळे’. नाव ठेवलं माझ्या सख्ख्या भावाने, हेमंतदादाने. अ‍ॅडमिन तोच. आठवडाभर ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असतो, आणि रविवारी सकाळी डोंबिवलीत त्याच्यातला सरदार जागा होतो. मी चारू. मानपाड्याला एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. रविवारी तेच काम मी फुकट करते.

डांबर संपतं तिथे आम्ही जातो. मलंगगडाचा पायथा, बारवीची मागची बाजू, मुरबाडच्या पलीकडे. धूळ, खडी, चिखल, ओढे, जे मिळेल ते. देव आहे की नाही यावर आमच्यात कधी वाद झाला नाही. पण चेनला तेल कुठलं लावायचं यावरून दोन जण ग्रुप सोडून गेलेत!

* * *

पहिल्या राइडच्या आधी दादाने सगळ्यांना त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलेलं. ‘चेन केअर सेशन.’ हातात पांढऱ्या घट्ट ल्यूबचा, म्हणजे वंगणाचा, स्प्रे.

“ऑफ-रोडला पातळ तेल म्हणजे आत्महत्या!” दादा गरजला. “चेन कशी दिसली पाहिजे? लोण्यात बुडवून काढल्यासारखी!”

मी म्हटलं, “दादा, चिकट लावलंस तर धूळ बसेल त्यावर. मग ते ल्यूब राहत नाही, पॉलिशपेपर होतो.”

त्याने माझ्याकडे बघितलं. नव्याने लागलेल्या पोराकडे मॅनेजर बघतो तसं. “चारू, तू गाडी शिकलीस ती कोणाकडे?”

झालं. सगळ्यांच्या चेनी लोण्यात बुडाल्या. माझी सोडून.

नेवाळीच्या पुढे खडी क्रशरचा एक रस्ता आहे. तिथली धूळ म्हणजे अक्षरशः पीठ. पायथ्याशी चहाला थांबलो तेव्हा चेन कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो तेच कळेना. प्रत्येक कडीच्या फटीत सारण भरलेलं, भरल्या मिरचीसारखं. गाडी ढकलली तर जात्यात खडे पडल्यासारखी करकर.

मी नुसती चेनकडे बघत राहिले. दादा खाली वाकला, बोट फिरवलं, आणि समाधानाने मान हलवली.

“बघ. याला म्हणतात क्वालिटी! एवढी माती बसली, पण ल्यूब जागचं हललं नाही!”

दिवाळीच्या आत त्याच्या स्प्रोकेटचे दात करवतीसारखे झाले. दादा म्हणाला, हल्ली स्टीलच बोगस येतं.

* * *

माझी चेन का टिकते, हे एकदा दादाने विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही. “तुझी गाडी हलकी आहे म्हणून टिकते,” असं सांगितलं.

मी म्हटलं, “राइडवरून आलं की चेन कोमट असते, तेव्हाच रॉकेलच्या फडक्याने धूळ काढायची. पातळ तेल आतल्या बाजूने थोडंसं द्यायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि वरचं सगळं पुसून टाकायचं. हाताला कोरडी लागली पाहिजे. बस.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“गाडीबरोबर पुस्तक मिळतं त्यात आहे.”

“कुठलं पुस्तक?”

“सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असतं.”

दादाला आठवलं. “अच्छा ते! चांगलं होतं ते. मी हात पुसायला वापरलं.”

* * *

गुरुनाथ म्हात्रे मानपाड्याच्या पुढच्या गावातला. जुना आगरी माणूस. आजोबांचं भात जिथे पिकायचं तिथे आता टॉवर आहेत, आणि त्यातले काही फ्लॅट यांचेच. ग्रुपमधली सगळ्यात महागडी, परदेशी गाडी त्याची. आणि गाडीविषयी सगळ्यात कमी उत्साहही त्याचाच.

डिसेंबरात आम्ही माळशेजला गेलेलो. सकाळची वेळ, धुकं, टपरीवर हात शेकत सगळे उभे. दादाची नजर गुरुनाथच्या चेनवर गेली. चेन पांढरीशुभ्र! कुठे ओघळ नाही, कुठे गुठळी नाही.

“गुरू! हे काय आहे? वॅक्स?”

गुरुनाथ वडा खात होता. “केरलाचा हाय.”

“केरळात बनवतात? मला वाटलं असलं फक्त जर्मनीत मिळतं!”

“नाय, तिकरचाच बेस्ट.”

दादा जमिनीवर झोपला. खरंच झोपला. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. ‘गुरूचं सीक्रेट वॅक्स. थंडीत काय फिल्म धरलीये बघा. कोणाकोणाला पाहिजे? एकत्र मागवू.’ घरी अंथरुणात लोळत असलेल्या मावळ्यांनी तिथूनच हात वर केले.

मग ऊन आलं. चेनवरून थेंब टपकायला लागले. पांढरं गेलं, चकचकीत तेल उरलं. माझ्या नाकात एक ओळखीचा वास शिरला. शनिवारी न्हायच्या आधी आमच्या घरात सुटतो तो.

“गुरू,” मी हळूच म्हटलं, “हे खोबरेल आहे ना रे?”

“मंग?” तो म्हणाला. “निघताना चेन सुकी दिसली. आयची बाटली व्हती समोर, तीच वतली.”

दादाचा चेहरा बघायला पैसे पडले असते तरी मी दिले असते. पण गुरुनाथ मनाने चांगला आहे हो. त्याने ग्रुप उघडला, वर आलेले हात वाचले, आणि मनापासून विचारलं, “हेमंतभाव, बाटल्या आनतू मी सगल्यांना. पन साधा पायजे का जाईचा?”

* * *

बापटसर आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. कल्याणला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झाले. बोलतात ते छापल्यासारखं. दादा चुकतो तेव्हा निदान आरडाओरडा करून चुकतो. बापटसर शांतपणे, कारणं देऊन चुकतात.

“चारुशीला,” ते मला एकदा म्हणाले, माझं पूर्ण नाव घेणारे जगात ते एकटेच, “द्रव वंगणाला धूळ चिकटते. घन वंगणाला चिकटत नाही. तेव्हा मेण हाच उपाय. मेण वितळवायचं, त्यात शिसपेन्सिलीची पूड मिसळायची, आणि साखळी त्यात शिजू द्यायची.”

आता यात मेणापर्यंत सगळं बरोबर होतं. पुढचं शिजवणं चुकलं. त्यांच्या नव्या चेनच्या प्रत्येक सांध्यात रबराच्या बारीक रिंगा होत्या. आतलं ग्रीस बाहेर पडू नये आणि बाहेरची माती आत जाऊ नये म्हणून कंपनी बसवते त्या. त्या उकळत्या मेणात घालायच्या नसतात. मी हे सांगायला फोन केला, तर सर म्हणाले, “नंतर बोलू, उकळी फुटली आहे.”

मी तशीच गाडी काढून कल्याणला त्यांच्या घरी गेले. दार बापटकाकूंनी उघडलं. त्याही नुकत्याच बाहेरून आलेल्या, हातात भाजीची पिशवी. घरात धूर. दोघी स्वयंपाकघरात शिरलो.

गॅसवर काकूंची मोठी बिडाची कढई. अनारशांची. त्यात काळं काहीतरी रटरटतंय, आणि सर चिमट्याने चेन वर उचलतायत. प्रत्येक हिसक्यासरशी तिच्यातून फुगलेली, तडकलेली एक रिंग सुटायची आणि कढईत पडायची. डुबुक. परत डुबुक.

काकूंनी बराच वेळ बघितलं. “हे जे पडतंय, ते पडायला हवंय का?”

“नाही,” सर म्हणाले. प्रामाणिक माणूस.

“मग ती चेन आता लागणार का गाडीला?”

“नाही.”

काकूंनी गॅस बंद केला. पिशवी ओट्यावर ठेवली. “बरं. कढईवर मी पाणी सोडलं, चेनवर तुम्ही सोडा.”

* * *

पुढचा किस्सा मी हसत हसत सांगते, पण त्या दिवशी हसले नव्हते.

दादाला व्हिडिओ करायची हुक्की आली. ‘दोन मिनिटांत चेन चकाचक.’ गाडी डबल स्टँडवर, मोबाइल उलट्या बादलीवर टेकवलेला. मी वरून वहिनीने दिलेला डबा घेऊन खाली आले, तर इंजिन चालू, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागचं चाक गरगरतंय, आणि दादाच्या हातात फडकं!

“हाताने चाक फिरवत बसायची गरजच नाही,” तो मोबाइलला सांगत होता. “इंजिनला काम करू दे. आपण फक्त फडकं असं धरायचं.”

“दादा, बंद कर!” मी ओरडले.

त्याने दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. रेकॉर्डिंग चालू होतं ना.

फडक्याचं टोक स्प्रोकेटने कधी धरलं ते दिसलंच नाही. नुसतं ‘फट्’ झालं. मी डबा टाकून धावले, हँडलवरचं लाल बटण दाबलं. इंजिन बंद पडलं. पार्किंगमध्ये इतकी शांतता, की वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येत होता.

दादा उभा होता. हात छातीशी धरलेला, दुसऱ्या हाताने झाकलेला. त्या हाताकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

“चारू,” तो म्हणाला. लहानपणी ताप आला की आईला हाक मारायचा, त्या आवाजात. “मोज गं.”

“काय मोजू?”

“बोटं.”

मी त्याचा हात उघडला. मोजली. सगळी होती. एकाचं नख गेलेलं, पेर फाटलेलं, पण होती. “आहेत रे, सगळी आहेत,” म्हटलं. मी तिथेच तेलकट फरशीवर बसले. जन्मभर या माणसाची टर उडवत आले मी. त्याचा हात सोडवेना.

डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, “काय करत होतात?” वहिनी म्हणाली, “लोकांना शिकवत होते.”

आता एवढं झाल्यावर माणूस काय करेल? व्हिडिओ उडवेल. नाही! दादाने ‘फट्’ कापलं, माझी किंकाळी कापली, शेवटी चकाचक चेनचा एक फोटो जोडला, आणि टाकला व्हिडिओ. फोटो त्याच दिवशीचा होता, ‘फट्’ झाल्यानंतरचा. नीट बघितला नसावा त्याने.

खाली पहिलीच कमेंट: ‘सर, लास्ट फोटोमधलं रेड कलरचं ल्यूब कुठलं? लिंक द्या ना!’

* * *

केतन कल्याणचा. बँकेत आहे. माणूस इतका टापटीप, की चिखलात जायच्या आधी बूट पॉलिश करून येतो. त्याला आवाज सहन होत नाही. चेनची किरकिर झाली की लगेच स्प्रे. थांबला की स्प्रे. चहा सांगितला की येईपर्यंत स्प्रे.

पावसाळ्यात मुरबाडच्या पलीकडे एका कच्च्या उतारावर आम्ही होतो. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. केतन माझ्या पुढे. बघते तर याचा वेग वाढत चाललाय. मी हॉर्न दिला. त्याने हात केला. मला वाटलं, टाटा करतोय. तो घाबरून हात हलवत होता!

वळण आलं. केतन वळला नाही. नशीब एवढंच की दरीच्या बाजूला गेला नाही. बांध ओलांडून सरळ खाचरात. गाडी अर्ध्या चाकापर्यंत चिखलात रुतली आणि तशीच उभी राहिली, वर केतन बसलेला. सकाळीच पॉलिश केलेले बूट पाण्याखाली.

लावणी करणाऱ्या एक मावशी हातातली रोपं तशीच धरून सरळ झाल्या. “भाऊ, रस्ता तिकडं ऱ्हायला.”

मी धावत खाली. “केतन! ब्रेक फेल झाले का?”

“फेल नाही गं,” तो गाडीवरूनच म्हणाला. “मघाशी चहाला थांबलो तेव्हा ब्रेकचाही आवाज येत होता. म्हणून डिस्कवर पण मारला स्प्रे. पुढे-मागे दोन्ही.”

चेनचं तेल, ब्रेकच्या डिस्कवर! आणि या माणसाच्या हातात लोकांचे लॉकर असतात.

त्याने हेल्मेट काढलं. कान देऊन ऐकलं. “पण आवाज बंद झाला बघ.”

* * *

शेवटी दादाने ठरवलं, एकदाचा निकाल लावायचा. गुरुनाथचं एक शेत अजून विकायचं राहिलंय. जुलैत तिथे गुडघाभर चिखल. प्रत्येकाने आपापलं तेल लावून यायचं आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. ज्याची चेन टिकेल, त्याचं तेल खरं.

दादा लोण्यात. बापटसर मेणात, या वेळी न शिजवता. केतन स्प्रेमध्ये, फक्त चेनवर, मी स्वतः तपासलं. गुरुनाथने काय लावलं होतं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. मी माझ्या कोरड्या, पुसलेल्या चेनवर. मनातल्या मनात माझं बक्षीस घेऊन झालं होतं.

दादाची चेन निम्म्या वाटेवर निसटली. सरांची चिखल भरून इतकी ताणली गेली की चाकच फिरेना. केतन आडवा. गुरुनाथची महागडी गाडी म्हशीसारखी शांतपणे बसली. आणि माझी? माझी चेन ठणठणीत होती हो. फक्त गाडी पोटापर्यंत रुतलेली, चेन बिचारी जागच्या जागी फिरत होती.

पाच जण चिखलात, आणि तिथे वाद सुरू! “पातळ होतं म्हणून!” “घट्ट होतं म्हणून!” “सैद्धांतिकदृष्ट्या बघता...”

इतक्यात बांधावरून गुरुनाथची आय आली. गिअरलेस स्कूटरवर, पुढे पाय ठेवायच्या जागी भाकऱ्यांचं टोपलं. बांधावरून उतरून कडेकडेने, पाणी उडवत, आमच्यापाशी येऊन थांबली.

“कनाला बसलाव चिखलान? जेवाला चला.”

दादाने तिला सगळं समजावलं. धूळ, चिखल, चेन, कुठलं तेल चांगलं, म्हणून ही परीक्षा. आयने नीट ऐकून घेतलं. मग मुलाकडे वळली.

“गुरू, माजे गारीला कनचा तेल टाकतंस रं चेनीला?”

“आय, तुजे गारीला चेन नाय. पट्टा हाय आतमदी.”

आयने आमच्या पाचही गाड्यांकडे एकदा बघून घेतलं.

“मंग यांची पन कारून टाक की!”

* * *

आता शेवटचा. हा मी ग्रुपवर कधी सांगितलेला नाही.

ठाण्याहून स्थळ आलेलं. आत्याने आणलेलं. मुलगा सुमेध. घोडबंदरला राहतो, चांगली नोकरी, आणि आत्याच्या शब्दांत “तुझ्यासारखाच मोटरसायकलचा वेडा!” एवढं ऐकूनच दादाने होकार देऊन टाकलेला.

त्याचे आईवडील टॅक्सीने आले. सुमेध बाइकवर. मी गॅलरीतून बघितलं. मोठी अ‍ॅडव्हेंचर गाडी, दोन्हीकडे पेट्या, पेट्यांवर डोंगरांचे स्टिकर, हेल्मेटवर कॅमेरा. आणि गाडीभर चिखल! सुकलेला, पेट्यांवर, टाकीवर, पुढच्या काचेवर. मार्च महिना. मावळ्यांनी ऑक्टोबरनंतर चिखल बघितला नव्हता.

चहा झाला, ओळखी झाल्या. सुमेध दादाला सांगत होता, “मला टार रोडवर बोअर होतं. गेल्या वीकएंडला आत जंगलात गेलेलो. फुल मड! मड इज माय थेरपी.” दादा खूश. बाबा खूश. आत्याने डोळा मारला. “अगं, पोहे होईपर्यंत त्याची गाडी तरी बघून ये खाली.”

दोघं पार्किंगमध्ये गेलो. तो गाडीच्या बाजूला उभा राहिला, फोटोला राहतात तसा. मी खाली बसले. मी गाडी खालूनच बघते, सवय आहे.

चेन सोनेरी होती. नवीकोरी, झळझळीत. कड्यांच्या फटीत कंपनीतून आलेलं पांढरट मेण अजून तसंच. मागच्या टायरवर रबराचे बारीक केस उभे, कोऱ्या टायरला असतात ते. वर टाकीपर्यंत चिखल उडालेला, आणि खाली चेनवर मातीचा एक कण नाही!

मी पेटीवरचा चिखल नखाने जरा खरवडला. त्यातून नारळाचा काथ्या निघाला. आणखी खरवडला, तर अंड्याच्या टरफलाचा तुकडा. पांढरा, नखाएवढा. मी तो तळहातावर घेऊन बघत बसले. कुठल्या जंगलातला असेल?

“तुम्ही...” त्याने घसा साफ केला. “चेनला तेल कुठलं लावता?”

“तुम्ही कुठलं लावता?”

“मी... अजून ठरवलं नाही.”

मी वर बघितलं. त्याचे कान लालबुंद झालेले. माझ्या तळहाताकडे बघत होता.

“वर जाऊया का?” तो म्हणाला. “पोहे गार होतील.”

लिफ्टमध्ये मी वाक्य तयार करत होते. धारदार. सगळ्यांसमोर, हसत हसत, एकच वाक्य. दादा, बापटसर, केतन, सगळ्यांचं मिळून झालं नसेल एवढं हसं झालं असतं. शब्द जुळले पण होते. पोह्यांची बशी हातात घेतली, आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची आईच बोलायला लागली. माझ्या आईने गॅलरीतल्या कुंड्या दाखवल्या होत्या, त्यावरून विषय निघालेला.

“तुमची झाडं छान आहेत हो. मी पण लावते, दाराबाहेर, पण आमच्याकडे काय होतंय कळतच नाही. एवढा काथ्या घालते, अंड्याची टरफलं चुरून घालते, मोगरा जरा धरतो, की कोणीतरी कुंडी उकरून ठेवतं! सगळी माती नेतात. मी वॉचमनशी भांडले, कामवाल्या बाईंना बोलले, शेजारच्या मुलांना दम दिला. बिचारी पोरं रडली. पण कोण करतं सापडेना.”

सगळे च्-च् करत होते. सुमेधचा चमचा बशीत थांबलेला. खाली मान. जे काही होणार होतं ते मी करणार होते, आणि ते त्याला माहीत होतं.

“चारू, काय म्हणतेस?” दादाने मला उगाच मध्ये ओढलं. “तू तर क्वालिटीवाली. शोध बघू चोर!”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“मांजर असेल, काकू,” मी म्हटलं.

“अगं, अकराव्या मजल्यावर?”

“चढतात हो.”